आयपी पत्त्यांचे नियम कुठे ठरतात, आणि त्यात आपलं म्हणणं कसं मांडायचं: सीमाभागातल्या लहान नेटवर्कसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या पट्ट्यात केबलच्या धंद्यातून फायबर इंटरनेटकडे वळलेले बरेच जण आहेत. शिवाय कॉलेजांची नेटवर्क सांभाळणारे आहेत, उद्यमबागेतल्या कारखान्यांचे आयटीवाले आहेत. वरच्या मोठ्या कंपनीकडून चार-आठ पब्लिक आयपी भाड्याने घ्यायचे आणि बाकी सगळे ग्राहक नॅटमागे ठेवायचे (म्हणजे अनेकांनी एकच पब्लिक पत्ता वाटून वापरायचा), अशी सुरुवात बहुतेकांची होते. मग एक दिवस स्वतःचा ब्लॉक, म्हणजे पत्त्यांचा सलग गट, घ्यावासा वाटतो आणि लक्षात येतं की एका संस्थेला जास्तीत जास्त ५१२च पत्ते मिळतात. ही मर्यादा कुठल्या मंत्रालयाने घातलेली नाही. ती एपनिक या आशिया-प्रशांत नोंदणी संस्थेच्या खुल्या बैठकीत ठरली आहे. त्या बैठकीत बोलायला परवाना लागत नाही, सदस्यत्वही लागत नाही. आपल्या भागातून तिथे फारसं कुणी बोलत नाही, आणि हे बदलायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून पत्ते कसे मिळवायचे हे आधी सांगतो आणि ते देण्याचे नियम कसे घडतात हे त्यानंतर सविस्तर. स्वतःचा ब्लॉक चालवल्याशिवाय नियमावर नेमकं बोलता येत नाही, म्हणून हा क्रम.

पत्ते कुठून येतात

जगातल्या सगळ्या आयपी पत्त्यांची मूळ नोंदवही आयानाकडे असते. तिच्याखाली पाच प्रादेशिक संस्था आहेत: उत्तर अमेरिकेची एरिन, युरोप आणि मध्यपूर्वेची राइप, लॅटिन अमेरिकेची लॅकनिक, आफ्रिकेची अफ्रिनिक आणि आशिया-प्रशांत भागाची एपनिक. एपनिकचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. भारतात २०१२ पासून राष्ट्रीय पातळीवर इरिन ही नोंदणी संस्था काम करते. ती निक्सी या भारतातल्या इंटरनेट एक्स्चेंज संस्थेचा भाग आहे; निक्सी २००३ साली स्थापन झाली. चीन, जपान, दक्षिण कोरिया, तैवान, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातही अशा राष्ट्रीय संस्था आहेत. इरिनला भारतापुरती स्वतःची कार्यपद्धती ठेवता येते, पण पत्ते देण्याचे मूळ निकष एपनिकच्या धोरणाशी सुसंगत ठेवावेच लागतात. म्हणून नियम बदलायचा तर चर्चा एपनिकच्या धोरण गटात होते.

मिळालेला ब्लॉक आपल्या मालकीचा होत नाही. खंडाने घेतलेल्या जमिनीसारखं ते असतं: कसणारे आपण, वहीत नाव आपलं, पण अटी मोडल्या किंवा वार्षिक शुल्क थकलं तर नोंदणी संस्था ब्लॉक परत घेऊ शकते. हे न कळल्यामुळे काही जण ब्लॉक तिसऱ्याला परस्पर वापरायला देतात, नोंद जुन्याच नावावर राहते आणि तक्रार आली की अडचणीत सापडतात.

५१२ चा आकडा आला कुठून

आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत, एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानाकडचा शिल्लक साठा संपला. शेवटचे पाच मोठे ब्लॉक पाच प्रादेशिक संस्थांना एकेक असे वाटले गेले. एपनिकच्या वाट्याला आला १०३ ने सुरू होणारा. भारतातल्या अनेक लहान नेटवर्कांचे पत्ते १०३ ने सुरू होतात ते त्यामुळेच. १५ एप्रिल २०११ पासून एपनिकने रेशनिंग सुरू केलं, नव्या-जुन्या प्रत्येक सदस्याला या साठ्यातून जास्तीत जास्त /२२, म्हणजे १,०२४ पत्ते (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितका ब्लॉक लहान). पुढे प्रॉप-१२७ हा प्रस्ताव मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०१९ पासून मर्यादा /२३ वर, म्हणजे ५१२ वर आली. त्याच वर्षी जादा पत्त्यांसाठीची प्रतीक्षा यादीही बंद झाली.

म्हणजे २०१८ मध्ये अर्ज केलेल्याला जे मिळू शकत होतं त्याच्या निम्मंच दोन वर्षांनी आलेल्याला मिळालं. यात कुणी अन्याय केला असं आम्ही म्हणत नाही. नंतर येणाऱ्यांसाठी थोडे तरी उरावेत हाच हेतू होता. पण निर्णय झाला तेव्हा आपल्यासारख्या उशिरा उभ्या राहिलेल्या नेटवर्कांची बाजू मांडणारे तिथे फार थोडे होते.

अर्जाआधी करायची कामं

पहिलं काम परवान्याचं. इंटरनेट सेवा परवान्याचे वर्ग भौगोलिक आहेत: अ वर्ग देशभर, ब वर्ग एका दूरसंचार सर्कलपुरता, क वर्ग त्याहून लहान विभागापुरता. सीमाभागात इथेच घोळ होतो. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, आणि जवळचा चंदगड किंवा गडहिंग्लज तालुका महाराष्ट्र सर्कलमध्ये. गोवाही महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो. कर्नाटकापुरत्या परवान्यावर चंदगडला जोडणी देता येत नाही. आयपी ब्लॉकला मात्र राज्याची हद्द नसते. दोन्हीकडचा परवाना असेल तर एकच ब्लॉक दोन्हीकडे वापरता येतो, दोन अर्ज लागत नाहीत. कॉलेज किंवा कारखाना स्वतःपुरतं नेटवर्क चालवत असेल तर सेवा परवान्याचा प्रश्न येत नाही. ते अंतिम वापरकर्ता म्हणून अर्ज करू शकतात.

दुसरं काम कागदांचं. कंपनी नोंदणी, जीएसटी, पॅन, परवाना आणि अधिकृत सहीचं पत्र या सगळ्यांवर संस्थेचं नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं अधिकृत नाव बदललं. जुन्या नोंदणीवर एक इंग्रजी स्पेलिंग आणि नव्या कागदांवर दुसरं असेल तर अर्जाआधीच ते जुळवून घ्या, नाहीतर शंका विचारल्या जातात आणि दिवस जातात.

तिसरं आणि खरं काम म्हणजे पत्त्यांचा आराखडा. तीन हजार ग्राहक आहेत म्हणून तीन हजार पत्ते मागायचे, असा हिशेब चालत नाही. एका /२४ ची, म्हणजे २५६ पत्त्यांची, अशी वाटणी करून पाहा:

- ३२ पत्ते राउटर, डीएनएस, सर्व्हर यांना
- ६४ पत्ते स्टॅटिक आयपी लागणाऱ्या ग्राहकांना (कारखाने, दवाखाने, बँक शाखा)
- १२८ पत्ते सीजीनॅटला (सेवा देणाऱ्याच्या पातळीवरचं नॅट)
- ३२ पत्ते राखीव

सीजीनॅटचं गणित असं. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारे क्रमांक). पहिले १,०२४ सोडले तर ६४,५१२ उरतात. प्रत्येक ग्राहकाला २,०१६ पोर्टचा ठरावीक गठ्ठा दिला तर एका पत्त्यामागे ३२ ग्राहक बसतात, आणि १२८ पत्त्यांमागे ४,०९६. गठ्ठा निम्मा केला तर ग्राहक दुप्पट होतात, पण संध्याकाळी घरात तीन मोबाइल, टीव्ही आणि गेम एकदम चालू झाले की पोर्ट संपतात. मग पानं अर्धवट उघडतात आणि तक्रार 'स्पीड नाही' अशी येते. बँकांच्या आणि सरकारी साइटही एका पत्त्यावरून फार लोक आले की अडवू लागतात. आतल्या बाजूला १००.६४.०.०/१० ही खास याच कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवलेली रेंज वापरा. १९२.१६८ वापरली तर ग्राहकाच्या घरच्या राउटरशी टक्कर होते.

पोर्टचे गठ्ठे ठरावीक ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. कुठल्या वेळी कुठला पत्ता आणि पोर्ट कुणाकडे होता याची नोंद ठेवणं आपल्याकडे बंधनकारक आहे. दर कनेक्शनमागे एक ओळ लिहीत बसण्यापेक्षा गठ्ठा कुणाला दिला तेवढंच लिहिलं तर डिस्क लवकर भरत नाही. मात्र परवान्याच्या अटीत जेवढा तपशील मागितला आहे तेवढा तरी राहिला पाहिजे, म्हणून अटी वाचून मगच रचना ठरवा. घड्याळं एनटीपीने जुळलेली ठेवा. दहा मिनिटं मागे असलेल्या राउटरची नोंद तपासात भलत्याच माणसाकडे बोट दाखवते.

अर्ज आणि ब्लॉक मिळाल्यावर

अर्जात नेटवर्कचा नकाशा, आत्ताची ग्राहकसंख्या, वर्षभराचा अंदाज, अपस्ट्रीम (आपल्याला वरची जोडणी देणारी कंपनी) कोण आणि उपकरणं कोणती हे लागतं. लहान बहुमार्गी (एकाहून जास्त अपस्ट्रीम असलेल्या) नेटवर्कसाठी ढोबळ निकष असा की मागितलेल्यापैकी २५ टक्के पत्ते लगेच आणि ५० टक्के एका वर्षात वापरात आले पाहिजेत. वरची आराखड्याची वाटणी अर्जाला जोडा, शंका आपोआप कमी होतात.

एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवर आपलं नेटवर्क ओळखणारा क्रमांक, त्याच वेळी मागा. दोन अपस्ट्रीम असतील किंवा दुसऱ्या नेटवर्कांशी थेट जोडणी करायची असेल तर तो मिळतो. बेळगाव मुंबई आणि बेंगळुरूच्या साधारण मध्यावर आहे, त्यामुळे एक अपस्ट्रीम उत्तरेकडून आणि एक दक्षिणेकडून घेणं आपल्याला सोयीचं पडतं. पण दोन कंपन्यांची बिलं वेगळी असली तरी केबल महामार्गाच्या एकाच चरातून गेलेली असू शकते. मार्गाचा नकाशा लेखी मागून घ्या. रस्त्याच्या कामात जेसीबीने एकदा चर उकरला की दोन्ही एकदम बंद पडतात.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे भरपूर पत्ते, सुद्धा याच वेळी घ्या, नंतरवर ढकलू नका. सेवा देणाऱ्याला किमान /३२ मिळतो. घरगुती ग्राहकाला /५६ दिला तर अशा १,६७,७७,२१६ घरांना पुरेल. कारखान्याला किंवा कॉलेजला /४८ द्या. एका ग्राहकाला एकच /६४ देण्याची कंजुषी करू नका, पुढे त्याला आत दोन नेटवर्क करायची झाली की अडतं. आयपीव्ही६ चालू झालं की मोठ्या व्हिडिओ आणि सर्च साइटांची वाहतूक सीजीनॅटला बगल देऊन जाते आणि पोर्टांवरचा ताण पहिल्याच दिवशी उतरतो.

ब्लॉक जाहीर करण्याआधी (म्हणजे तो आपल्याकडे आहे असं इतर नेटवर्कांना कळवण्याआधी) आरओए तयार करा. हा ब्लॉक या एएस नंबरवरून जाहीर होणार, असं त्यात डिजिटल सहीने सांगितलेलं असतं. सर्वांत जास्त चुका इथे होतात. समजा तुमच्याकडे /२३ आहे, आणि आरओएही फक्त /२३ चा केला. मग अर्धी वाहतूक मुंबईकडून आणि अर्धी बेंगळुरूकडून आणायची म्हणून दोन /२४ वेगवेगळे जाहीर केले. हे दोन्ही /२४ आता अवैध ठरतात आणि तपासणी करणारी नेटवर्क ते टाकून देतात. वाहतूक /२३ वरून येत राहते, पण तुम्ही आखलेली विभागणी चालत नाही. आणि /२३ जाहीरच केलेला नसेल तर काही साइट पूर्ण बंद होतात. उपाय सोपा आहे: जे जे जाहीर करणार त्या प्रत्येकाचा आरओए करा, /२३ चा एक आणि /२४ चे दोन. कमाल लांबी (किती लहान तुकड्यापर्यंत जाहीर करता येईल ती मर्यादा) मोकळी सोडून सगळं एकाच आरओएत बसवू नका. जाहीर न केलेल्या तुकड्यावर तुमचाच एएस नंबर लावून कुणी तोतयेगिरी केली तर ती वैध दिसते. /२४ पेक्षा लहान तुकडा जगात बहुतेक कुणी स्वीकारत नाही, तो जाहीर करण्यात अर्थ नाही.

हूइज नोंदीतला (ब्लॉक कुणाकडे आहे हे दाखवणारी सार्वजनिक नोंद) तक्रारीचा ई-मेल चालू ठेवा. प्रादेशिक नियमानुसार दर सहा महिन्यांनी तो तपासला जातो आणि उत्तर नाही आलं तर अवैध अशी खूण पडते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा वैयक्तिक पत्ता तिथे राहिलेला असतो, आणि हे फार वेळा घडतं.

नियम कसा बनतो

एपनिकचा धोरण गट वर्षातून दोनदा खुली धोरण बैठक घेतो: एकदा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अ‍ॅप्रिकॉट परिषदेत, एकदा वर्षाच्या उत्तरार्धात. २०१२ ची अ‍ॅप्रिकॉट नवी दिल्लीत झाली होती. प्रस्तावाचा प्रवास असा असतो:

१. कुणीही ठरलेल्या नमुन्यात प्रस्ताव लिहितो आणि गटाच्या अध्यक्षांकडे पाठवतो. विषय धोरणाच्या कक्षेत बसत असेल तर त्याला क्रमांक मिळतो, प्रॉप-अमुक.

२. बैठकीच्या किमान चार आठवडे आधी तो ई-मेल चर्चागटात सर्वांसमोर ठेवला जातो. एपनिकचं कार्यालय अंमलबजावणीवर काय परिणाम होईल हे वेगळं सांगतं.

३. बैठकीत लेखक मांडणी करतो, प्रश्नोत्तरं होतात. हात वर करायला सांगतात, ऑनलाइन कलही घेतात, पण ते मतदान नसतं. अध्यक्ष बघतात ते सर्वसाधारण सहमती झाली की नाही.

४. त्याच परिषदेतल्या सदस्यांच्या सभेत सहमतीला दुजोरा मिळावा लागतो.

५. मग चार ते आठ आठवडे अंतिम हरकतींसाठी. नवी आणि गंभीर हरकत आली नाही तर सहमती टिकली असं मानतात.

६. कार्यकारी मंडळ शिक्कामोर्तब करतं आणि कार्यालय तो लागू करतं.

तिसऱ्या पायरीवर नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडची सवय मोजणीची आहे. तिथे शंभर जणांनी 'पाठिंबा' असं एका शब्दात लिहिलं आणि एकाने आकड्यांसह दाखवलं की अमुक गटाचं मोठं नुकसान होईल, तर त्या एकाच्या हरकतीचं उत्तर दिल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. हरकती किरकोळ आणि मोठ्या अशा वेगळ्या धरल्या जातात. 'मला पटत नाही' ही मोठी हरकत होत नाही. 'हा नियम आला तर एकाच अपस्ट्रीमवरच्या नेटवर्कला अर्जच करता येणार नाही' ही होते. लहान नेटवर्कांना ही पद्धत फायद्याची आहे. संख्याबळ नसलं तरी चालतं, मुद्दा लागतो.

उदाहरण म्हणून प्रॉप-१४१ पाहा. ५१२ ची मर्यादा वाढवून ७६८ करावी, अशी त्यात मागणी होती. आपल्यासारख्या लहान नेटवर्कला ती हवीहवीशी वाटेल, पण सहमती झाली नाही. मर्यादा दीडपट केली की उरलेला साठा जास्त वेगाने आटतो, आणि अजून अर्जच न केलेल्यांच्या वाट्याला काहीच उरत नाही. अशा प्रस्तावाच्या बाजूने बोलायचं असेल तर 'आम्हाला पत्ते कमी पडतात' एवढ्यावर थांबून भागत नाही. कमी पडतात म्हणजे कशासाठी, आयपीव्ही६ किती ग्राहकांपर्यंत पोहोचवलं, सीजीनॅट कुठे तोकडं पडतं, आणि नव्याने येणाऱ्यांचं काय, या चारही प्रश्नांना उत्तर द्यावं लागतं.

भाग कसा घ्यायचा

आधी एक पूर्ण फेरी फक्त वाचा: एक प्रस्ताव निवडा आणि चर्चागटातल्या पहिल्या मेलपासून शेवटच्या निर्णयापर्यंत सगळं क्रमाने पाहा. बैठकीत प्रवास न करता ऑनलाइन भाग घेता येतो. वेळ यजमान शहराची असते. बैठक पूर्व आशियात सकाळी साडेनऊला असेल तर आपल्याकडे सहा-सातच्या सुमाराला सुरू होते. भाषा इंग्रजी, पण बोललेलं लगेच पडद्यावर अक्षरांत उमटतं. उच्चार कळले नाहीत तर ते वाचा. बोलायचा संकोच वाटत असेल तर प्रश्न लिहून पाठवा, सूत्रसंचालक तो वाचून दाखवतात.

स्वतः प्रस्ताव लिहायचा झाला तर नमुन्यात हे भाग असतात: अडचण काय, उद्देश काय, इतर प्रदेशांत काय नियम आहे, सुचवलेला बदल, फायदे-तोटे आणि सध्याच्या पत्तेधारकांवरचा परिणाम. आधी मराठीत अडचण चार ओळींत लिहून पाहा. चार ओळींत बसत नसेल तर त्या एकापेक्षा जास्त अडचणी आहेत, वेगळ्या करा. 'इतर प्रदेशांत काय' हा भाग टाळू नका, पहिला प्रश्न तिथूनच येतो. तोट्यांचा रकाना 'काही नाही' असा भरला तर लेखकाने विचार केलेला नाही असंच वाटतं.

काही विषय तिथे नेऊन उपयोग नाही. शुल्क किती असावं हे कार्यकारी मंडळ ठरवतं, धोरण गट नाही. भारतातल्या लॉगच्या अटी, परवाना, सर्कलच्या हद्दी हे दूरसंचार विभागाचे विषय. स्टॅटिक आयपीचा बाजारभाव तर कुणाच्याच हातात नाही. याउलट पात्रतेचे निकष, कमाल-किमान ब्लॉक, हस्तांतराच्या अटी (१०३ च्या साठ्यातला ब्लॉक मिळाल्यापासून पाच वर्षं हस्तांतरित करता येत नाही, ही अट अशीच ठरली), हूइजची अचूकता, एएस नंबर देण्याच्या अटी, हे सगळं धोरण गटाचं काम आहे.

निपाणीपासून खानापूरपर्यंतचे चार-पाच जण मिळून एखाद्या प्रस्तावावर म्हणणं मांडणार असाल तर एकच मजकूर सगळ्यांनी चिकटवू नका. अध्यक्ष तो एकच मुद्दा धरतात. प्रत्येकाने आपल्या नेटवर्कचे आकडे द्यावेत: ग्राहक किती, पब्लिक पत्ते किती, एका पत्त्यामागे किती घरं, आयपीव्ही६ किती टक्के, अपस्ट्रीम किती आणि कुठून. ग्राहकांची नावं किंवा अंतर्गत पत्ते मात्र लिहू नका, चर्चागटाचा संग्रह कायमचा सार्वजनिक राहतो. मेल बैठकीच्या दोन आठवडे तरी आधी जाऊ द्या, म्हणजे लेखकाला मसुदा सुधारून नवी आवृत्ती मांडायला वेळ मिळतो.